उपग्रहातून तापीचं पाणी: हतनूर ते हजिरा

तापीकाठचा | ९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मी भुसावळचा. नोकरी रेल्वेत, सिग्नल खात्यात. पाण्याशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी तापीत पोहायला शिकलो आणि आता नळाचं पाणी गाळून-उकळून पितो. दिवाळीला भाचा आला होता, त्याने लॅपटॉपवर उपग्रहाची चित्रं दाखवली आणि तेव्हापासून वेड लागलंय. बायको म्हणते, आधी रात्री मोबाईल बघायचे, आता धरण बघता.

प्रकार असा. युरोपीय अंतराळ संस्थेचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत. पहिला जून २०१५ मध्ये सोडला, दुसरा मार्च २०१७ मध्ये, आणि २०२४ मध्ये तिसराही गेला. जोडीने फिरत असले की दर पाच दिवसांनी एकदा आपल्या डोक्यावरून जातात, सकाळी अकराच्या आसपास. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. आपल्या गल्लीतली चार घरं मावतील एवढा. आणि हे सगळं फुकट. कोपर्निकस ब्राउझर नावाचं संकेतस्थळ उघडायचं, गाव शोधायचं, तारीख निवडायची.

मी पहिल्यांदा काय बघितलं असेल? चांगदेवचा संगम. ऑक्टोबरमधलं चित्र. पूर्णेचं पाणी दूध कमी पडलेल्या चहासारखं, तापीचं जरा हिरवट, आणि संगमाच्या खाली बरंच अंतर दोन्ही रंग शेजारी-शेजारी चाललेले. देवळात शंभरदा गेलो असेन, पण काठावरून हे कधी दिसलं नव्हतं.

मग सवयच लागली. हतनूर धरणापासून खाली निघायचं: सारंगखेडा, प्रकाशा, उकाईचा फुगवटा, सुरत, मगदल्ला आणि शेवटी हजिरा बंदर. नदीच्या तोंडाशी खंबातच्या आखातात पाणी इतकं गढूळ दिसतं की समुद्र कुठे सुरू झाला ते कळत नाही. मी आमच्या ग्रुपवर टाकलं, 'बघा, खान्देशची घाण बंदरात कशी पोचते.' भरपूर अंगठे आले.

तर इथल्या जाणकारांना विचारायचंय. अशा चित्रांवरून धरणाच्या, खाडीच्या, बंदराच्या पाण्यावर खरंच लक्ष ठेवता येतं का? की मी नुसताच रंग बघून खूश होतोय?

---

पांझरापार | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०५

भो, मना घरना नळले आठ दिवसमा एकदाव पानी येस. ते दिसस का तुमना सॅटेलाईटले? 😄

बाकी धागा झकास शे. चालू द्या.

---

चाळीसगाव_टू_पुणे | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१८

भाऊ, वाखुसा (वाचनखूण साठवली). थोडं तांत्रिक भर घालतो, हेच माझं रोजचं काम आहे. पाण्याचं नाही, पिकांचं. पण उपग्रह तोच.

नुसता रंग बघण्याच्या एक पायरी पुढे जा. हा उपग्रह तेरा वेगवेगळ्या पट्ट्यांत प्रकाश मोजतो. पाण्यात शेवाळ वाढलं की त्यातलं हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश खाऊन टाकतं, आणि त्याच्या थोडं पुढे, ७०५ च्या आसपास, उलट जास्त परत फेकतं. म्हणून पाचव्या पट्ट्यातून (७०५ चा) चौथा (६६५ चा) वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. आकडा जितका वर, तितकं हरितद्रव्य जास्त. याला एनडीसीआय म्हणतात. २०१२ मध्ये हे सूत्र आलं, ते मुळात खाड्या आणि किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यासाठीच. गढूळपणासाठी लाल आणि हिरव्या पट्ट्याची अशीच वजाबाकी करतात.

आता खरी मेख. उपग्रहाला पाण्यावरून जो प्रकाश मिळतो, त्यातला साधारण नव्वद टक्के पाण्याचा नसतोच. तो हवेने आणि तिच्यातल्या धुळीने विखुरलेला असतो. उरलेल्या दहा टक्क्यांत तुमचं शेवाळ, गाळ, सगळं आलं. हवेचा भाग वजा करताना थोडी चूक झाली तरी पाण्याचा आकडा कुठच्या कुठे जातो. शेताला हे इतकं नडत नाही, कारण पीक चकाकतं. पाणी काळं असतं. आपल्याकडे फेब्रुवारीपासून हवेत धुरळा किती असतो ते सांगायला नको. त्यासाठी अॅकोलाईट नावाची संगणक-प्रणाली आहे, तीही फुकट. ती वापरून मगच आकड्यांवर बोला.

अवांतर: २०२० च्या टाळेबंदीत केरळातल्या वेंबनाड सरोवराचा अभ्यास झाला होता, अमेरिकेच्या लँडसॅट-८ उपग्रहाच्या चित्रांवरून. पाण्यातला तरंगता गाळ सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास कमी झालेला दिसला. नावा, हाउसबोटी बंद. म्हणजे काम होतं, फक्त डोकं लावावं लागतं.

---

शहाद्याची_पोर | १० फेब्रुवारी, सकाळी ७:५२

मी रुमाल टाकून ठेवते. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधतेय. सर म्हणतात काहीतरी 'लोकल' घ्या. प्रकाशा बॅरेज (तापीवरचा बंधारा) चालेल का?

---

तापीकाठचा | १० फेब्रुवारी, रात्री ९:१५

चाळीसगावकर, दंडवत. पण तुमचं सूत्र मी भाच्याकडून आधीच शिकलो होतो, आणि त्याने माझी कशी शोभा केली ते काल मुद्दाम लिहिलं नव्हतं. आता लिहितो.

जानेवारीत हतनूरवर हे एनडीसीआय लावलं. मधलं पाणी निळं-हिरवं, ठीक. पण काठाने, वरच्या अंगाला, लालभडक पट्टे! म्हणजे हरितद्रव्य कमालीचं. मी लगेच ग्रुपवर: 'धरणात विषारी शेवाळाचा विळखा.' विषारी कशावरून? काही नाही, आपलं उगाच. अर्ध्या तासात मेसेज पंधरा ग्रुपांत. एकाने तर पाणी उकळून प्या असं वर जोडून पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी फोन. काठच्या गावचे एक शेतकरी दादा. आवाज एकदम शांत. म्हणे, 'भाऊ, तुम्ही तो लाल पट्टा दाखवला ना, पिंपळाच्या समोरचा?' म्हटलं, हो. 'ते माझं टरबूज आहे.'

गाळपेर! धरणाचं पाणी उतरत जातं तशी काठाची ओली जमीन मोकळी होते, लोक त्यात टरबूज, काकडी, भाजीपाला लावतात. हे मला लहानपणापासून माहीत. पण मी ऑक्टोबरातल्या भरलेल्या धरणाची हद्द आखून ठेवली होती आणि तीच जानेवारीत वापरली. पाणी मागे सरकलं, त्या जागी वेल आले, आणि सूत्राने वेलांचं हरितद्रव्य इमानदारीत मोजून दिलं.

ग्रुपवर माफी मागितली. माफीला तीन अंगठे.

---

पांझरापार | १० फेब्रुवारी, रात्री ९:३१

विषारी टरबूज 😂😂 आता कुणी विकत घेईल का त्या दादाचं?

---

तापीकाठचा | १० फेब्रुवारी, रात्री ९:४४

तोच तर घोर लागलाय. पहिला तोडा निघाला की दोन मीच घेईन म्हटलंय.

---

चाळीसगाव_टू_पुणे | १० फेब्रुवारी, रात्री १०:२०

हे सगळ्यांचंच होतं भाऊ, लाजू नका. प्रत्येक तारखेला पाण्याची हद्द नव्याने काढायची. अकराव्या पट्ट्यात पाणी काळंकुट्ट दिसतं आणि जमीन उजळ, त्यावरून सहज निघते. शिवाय काठचे दोन-तीन ठिपके सोडूनच द्यायचे. अर्धं पाणी अर्धी माती असा ठिपका कधीच खरं बोलत नाही.

---

कळण्याची_भाकर | ११ फेब्रुवारी, दुपारी २:०७

मी जळगावात एका लॅबमध्ये पाणी तपासते. जेवायच्या सुट्टीत लिहितेय, त्यामुळे थोडक्यात.

'पाण्याची गुणवत्ता' म्हणताना आम्ही जे तपासतो त्यातलं बहुतेक वरून दिसत नाही. विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते), नायट्रेट, जड धातू, मैलापाण्यातून येणारे कोलिफॉर्म जंतू, सामू (पीएच). यातल्या एकालाही स्वतःचा रंग नाही. उपग्रह बघतो ते हरितद्रव्य, तरंगता गाळ, कुजलेल्या पाल्याने पाण्याला येणारा पिवळसर-तपकिरी रंग, पृष्ठभागाचं तापमान, वर तरंगणारी जलपर्णी किंवा तेलाचा तवंग. बस. तेही वरच्या थरातलं. गढूळ पाण्यात प्रकाश हातभरसुद्धा खाली जात नाही.

एकदा एक गृहस्थ मोबाईलवर उपग्रहाचं चित्र घेऊन आमच्याकडे आले होते, पाणी पिण्यालायक असल्याचा दाखला द्या म्हणाले. चित्रात तलाव स्वच्छ निळा. मी म्हटलं, काका, बाटली आणा. बाटली आली, कोलिफॉर्म मोजता मोजता पुरेवाट झाली.

तापीकाठचे भाऊ, तुम्ही 'घाण बंदरात पोचते' लिहिलंय. कुठली घाण? दिसणारी की न दिसणारी? कारण त्या दोघींचे रस्ते वेगळे आहेत.

---

भरतीओहोटी | ११ फेब्रुवारी, रात्री ११:५६

मी मूळचा अमळनेरचा. तीस-एक वर्षं वेगवेगळ्या बंदरांत जलमापनाच्या बोटीवर काढली, आता निवृत्त होऊन अलिबागजवळ राहतो. झोप येत नाही, म्हणून लांबण लावतो, चालवून घ्या.

आधी ताईंनी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर. हजिऱ्याला तुम्हाला जो गाळ दिसतो तो तुमच्या हतनूरचा नव्हे. तापी मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर वाहते आणि वाटेत तिला किती ठिकाणी अडवलंय ते तुम्हीच मोजलंत. पूर्णेने आणलेली काळी माती आधी हतनूरमध्ये बसते. सुटलेली बॅरेजेसमध्ये. तिथूनही निसटली तर उकाई आहे, १९७२ पासून, एवढा मोठा जलाशय की पाणी त्यात शिरलं की थांबतंच. थांबलं की गाळ तळाला. तोंडाशी जे दिसतं तो मुख्यतः आखाताचा स्वतःचा गाळ. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भावनगरकडे दहा मीटरच्या वर जातो. तीन मजली इमारत बुडेल इतकं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. ते तळ खरवडत जातं. तिथे नदी आटली तरी पाणी गढूळच राहील.

म्हणजे आपल्याकडून खाली जातं ते विरघळलेलं: क्षार, खताचं नायट्रेट. आणि ते, ताई म्हणाल्या तसं, वरून दिसत नाही. जे दिसतं ते आपलं नाही, आणि जे आपलं ते दिसत नाही, असा हा तिढा.

आता बंदराचं सांगतो. बंदरात उपग्रहाचा सगळ्यात चांगला उपयोग मी पाहिला तो गाळउपशाच्या वेळी. ड्रेजर तळ उकरतो, पोट भरलं की वरचं पाणी बाहेर सोडतो, आणि त्या पाण्याबरोबर बारीक गाळाचा पट्टा निघतो. बोटीवरून तुम्हाला आजूबाजूचं पाणी गढूळ दिसतं, पण पट्टा किती लांब गेला, खारफुटीकडे वळला की बाहेर गेला, ते बोटीवरून कळत नाही. वरून एका नजरेत कळतं. आम्ही दहा ठिकाणी बाटल्या भरायचो आणि दहा आकड्यांमधून नकाशा कल्पनेने काढायचो. त्या दहा बाटल्या नेमक्या कुठे भरायच्या हे चित्र बघून ठरवायला लागलो, तेव्हा कामाला अर्थ आला.

पण एक खोड आहे आणि ती फार कमी लोक बोलतात. हा उपग्रह दर खेपेला एकाच घड्याळी वेळेला येतो, अकरा. समुद्र चंद्राच्या घड्याळावर चालतो. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास असते. म्हणजे उधाणाच्या दिवशी उपग्रह आला की त्याला नेहमी जवळजवळ भरलेलं बंदर दिसणार. अष्टमीला, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत, त्याच वेळी ओहोटी असते, म्हणून तेव्हा नेहमी उतरलेलं बंदर. उधाणाची खोल ओहोटी, जेव्हा नाल्यांचं सगळं काळं पाणी खाडीतून बाहेर ओतलं जातं, ती त्याच्या वाट्याला कधी येतच नाही. वर्षभराची चित्रं जमवून सरासरी काढलीत तरी नाही. आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं, मग चित्र.

यावरून एक आठवलं. एका बंदरात (नाव घेत नाही) पाण्याचे नमुने वर्षानुवर्षं उत्तम यायचे. ऑक्सिजन चांगला, सगळं चांगलं. मला नवल वाटायचं, कारण धक्क्यावर उभं राहवत नसे वासाने. मग लक्षात आलं, नमुने घेणारी होडी ज्या पायरीवरून सुटायची, ती पायरी ओहोटीला चिखलात असायची. म्हणून पोरं भरतीलाच निघायची. समुद्राचं ताजं पाणी आत आलेलं असताना बाटल्या भरायची. कुणी लबाडी केली नव्हती. पायरी तशी होती.

---

शहाद्याची_पोर | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

काका 🙏 पायरीचं वाचून अंगावर काटा आला.

एक विचारू? समुद्राच्या पाण्याला पण पिण्याच्या पाण्यासारखे नियम असतात का?

---

कळण्याची_भाकर | १२ फेब्रुवारी, दुपारी १:५०

असतात. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये किनाऱ्याच्या पाण्याचे पाच वर्ग केलेत, पाणी कशासाठी वापरायचं त्यावरून. पोहण्याच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅम हवा, बंदराच्या पाण्याला ३ चालतो. म्हणजे बंदराने थोडं घाण असावं हे गृहीतच धरलंय, पण मेलेलं नसावं.

आणि ऑक्सिजनची बाटली भरली की जागेवरच त्यात रसायनं टाकून तो बांधून ठेवावा लागतो. लॅबमध्ये येईपर्यंत वाट बघितली तर आकडा खोटा. उपग्रहवाल्यांचं बरं आहे, त्यांना होडीत ओणवं व्हावं लागत नाही.

---

पांझरापार | १२ फेब्रुवारी, रात्री ८:४०

आता जरा गंभीर होतो. मग आपल्या इस्रोचं काय? सगळं युरोपचंच कशाला? आणि पावसाळ्यात, ज्या चार महिन्यांत पाणी खरोखर येतं, तेव्हा ढग. मग उपयोग काय?

---

चाळीसगाव_टू_पुणे | १२ फेब्रुवारी, रात्री १०:०२

इस्रोचा ओशनसॅट १९९९ पासून आहे. दुसरा २००९ मध्ये गेला, तिसरा नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्याच्यावरचा कॅमेरा खास समुद्राच्या रंगासाठी. पण त्याचा ठिपका ३६० मीटरचा. अरबी समुद्रासाठी उत्तम. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था मच्छीमारांना मासा कुठे मिळेल ते सांगते, त्यामागे हरितद्रव्य आणि पाण्याचं तापमान हेच असतं. पण हतनूरच्या रुंदीत तसे निव्वळ पाण्याचे ठिपके फारसे मावत नाहीत, आणि बंदराच्या गोदीची तर बातच नको. लांबची नजर आणि जवळची नजर, दोन चष्मे वेगळे.

ढगांचं तुमचं म्हणणं खरं. रंगाचं चित्र जून ते सप्टेंबर जवळपास बंदच. तेव्हा रडारवाला उपग्रह कामाला येतो, सेंटिनेल-१. तो ढगांतून आरपार बघतो, रात्रीही. पण त्याला रंग कळत नाही, फक्त पाण्याचा पृष्ठभाग खरखरीत की गुळगुळीत एवढंच.

---

भरतीओहोटी | १२ फेब्रुवारी, रात्री ११:३०

तेलासाठी मात्र तेवढंच पुरतं. तवंग लाटा दाबतो, पाणी गुळगुळीत होतं, रडारला तिथे काळा डाग दिसतो. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या समुद्रात एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली, चित्रातून तेल सांडलं, मालाचे मोठे डबे (कंटेनर) समुद्रात पडले आणि जहाजांची ये-जा काही दिवस बंद ठेवावी लागली. ऐन पावसाळा. असल्या वेळी रंगीत चित्राची वाट बघत बसाल तर दिवाळी उजाडेल.

फक्त वारा पडला तरी पाणी गुळगुळीत होतं आणि तसाच काळा डाग दिसतो, हे ध्यानात ठेवा. नाहीतर पुन्हा टरबूज.

---

तापीकाठचा | १३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

'पुन्हा टरबूज' हा या धाग्याचा वाक्प्रचार झालेला दिसतोय. असो, सोसतो.

काकांचं वाचून पहिल्यांदा वाईट वाटलं, कारण माझा सगळा हजिऱ्याचा शोध पाण्यात गेला. अक्षरशः. ग्रुपवर दुसरी माफी मागितली. पण आता मला धरणावर जाऊन बघायचंय. उपग्रह येतो त्याच दिवशी, त्याच वेळी. ताई, बाटल्या द्याल का? आणि काका, पाणी किती गढूळ आहे हे मोजायला घरगुती काही?

---

भरतीओहोटी | १३ फेब्रुवारी, रात्री १०:४५

सेकीची तबकडी. १८६५ मध्ये अँजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूने भूमध्य समुद्रात बोटीवरून पांढरी तबकडी खाली सोडून बघितली. हा मनुष्य खरा खगोलशास्त्रज्ञ. तबकडी दिसेनाशी होईल ती खोली, संपला विषय. आजही जगभर हेच करतात. धरणासाठी वीस सेंटिमीटरची घ्या, चार भाग करून दोन काळे दोन पांढरे. घरातली स्टीलची ताटली चालते. दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ. सोडताना उन्हाकडे पाठ करू नका म्हणणारे आहेत, करा म्हणणारेही आहेत. बोटीच्या सावलीत सोडा, म्हणजे चकाकी नडत नाही, आणि प्रत्येक वेळी तसंच करा.

---

कळण्याची_भाकर | १४ फेब्रुवारी, दुपारी २:१५

बाटल्या देते, मीही येते. रविवार असेल तर. बर्फाचा डबा तुम्ही आणा.

---

तापीकाठचा | २४ फेब्रुवारी, रात्री ८:३०

जाऊन आलो!

रविवारी सकाळी साडेनऊला काठावर. ताटली बायकोच्या माहेरची, पाठीमागे नाव कोरलेलं, त्यावर मी काळा-पांढरा ऑइलपेंट मारलाय. (घरी अजून कळलेलं नाही.) वजनासाठी ताटलीला मधोमध भोक पाडून जुना नट-बोल्ट अडकवला. भोई दादांची नाव ठरवली होती. त्यांनी ताटली बघितली, उलटी करून नाव वाचलं, आणि काही न बोलता वल्हं उचललं.

भिंतीच्या बाजूला, खोल पाण्यात: अकरा गाठी, म्हणजे एकशे दहा सेंटिमीटरला ताटली गेली. वरच्या अंगाला, पूर्णेकडे: साडेतीन गाठी. पांढरा भाग आधी पिवळा होतो, मग चहासारखा, मग नाहीच. ताईंनी दोन्हीकडे बाटल्या भरल्या, काळ्या पिशवीत गुंडाळून बर्फात ठेवल्या. उजेड लागला तर हरितद्रव्य मरतं म्हणे.

अकराला उपग्रह जाणार म्हणून मी वर बघत होतो. ताई हसल्या. काही दिसत नाही हो.

भोई दादांना मी मोबाईलवर जानेवारीतलं चित्र दाखवलं, मधल्या खोलगट भागात हिरवट छटा होती ते. ते म्हणाले, 'हे हिरवं पहाटे जास्त असतं. वर येऊन बसतं सायीसारखं. वारा सुटला की आत जातं. तुमचा तो अकराला येतो ना? तोपर्यंत वारा सुटलेला असतो रोज.'

मी आणि ताई एकमेकांकडे बघत राहिलो.

---

भरतीओहोटी | २४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

घ्या. समुद्रात भरती, धरणात वारा. भोई दादांना माझा नमस्कार सांगा. निळं-हिरवं शेवाळ तसंच वागतं, पाणी निवांत असलं की वर तरंगून येतं आणि वाऱ्याने घुसळलं की पसरतं. त्यांना हे कुणी शिकवलं नसणार.

---

कळण्याची_भाकर | २७ फेब्रुवारी, दुपारी २:२०

गाळून झालं. दोन्ही बाटल्यांचं पाणी काचतंतूच्या कागदातून ओढलं. भिंतीजवळच्या पाण्याचा कागद फिकट पोपटी निघाला. पूर्णेकडचा मातकट, वीटकरी म्हणावा असा, आणि तो अर्ध्यातच तुंबला. कागद अॅसिटोनमध्ये ठेवून रंग उतरवलाय. हरितद्रव्य भिंतीकडे जास्त, पूर्णेकडे कमी.

भाऊ, तुमच्या चित्रात काय आलं?

---

तापीकाठचा | २७ फेब्रुवारी, रात्री ९:५०

उलट! चित्रात पूर्णेकडचा आकडा वर. अॅकोलाईट लावून, हद्द नव्याने काढून, काठ सोडून, सगळं करून.

---

चाळीसगाव_टू_पुणे | २७ फेब्रुवारी, रात्री १०:३६

गाळ. इतका दाट गाळ असला की तो दोन्ही पट्ट्यांत चकाकतो आणि हरितद्रव्याने खाल्लेला प्रकाश झाकून टाकतो. सूत्र गोंधळतं. साडेतीन गाठींच्या पाण्यात एनडीसीआयवर विसंबू नका, तिथे फक्त गढूळपणा मोजा. भिंतीकडे दोन्ही चालेल. शहाद्याच्या ताई, हाच तुमचा प्रोजेक्ट: कुठल्या गाठीपर्यंत सूत्र खरं बोलतं. बॅरेजवर पण असंच असणार.

---

शहाद्याची_पोर | २८ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

सरांना दाखवलं. हो म्हणाले! ताटली कुठली घेऊ? आईची देत नाहीये.

---

पांझरापार | २८ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

पुढली येळे मी बी येस. भरीत नी कळण्यानी भाकर मनाकडथीन. ताटली मातर जेवाले वेगळी आना भो.

---

तापीकाठचा | २२ मार्च, रात्री ९:०८

धागा वर काढतोय, एका छोट्या गोष्टीसाठी.

काल नवीन चित्र बघत होतो. पिंपळासमोरचा तो लाल पट्टा गेलाय. मातीचा रंग. मी दादांना फोन केला, म्हटलं, दादा, टरबूज निघालं का सगळं?

ते म्हणाले, 'परवाच. तुम्हाला कसं कळलं?'

म्हटलं, वरून दिसलं.

'बरं. मग हेही दिसलं असेल,' म्हणे, 'तुमच्यासाठी दोन ठेवलेत.'